लाल वर्तुळातले खिळे

गेटच्या आतल्या पायरीवर, दोन फरश्यांच्या सांध्यात, गोल डोक्याचा एक खिळा ठोकलेला होता आणि त्याच्याभोवती लाल रंगाचं वर्तुळ काढलेलं होतं.

दुसऱ्या कुठल्याही घरी हा खिळा कुणाच्या नजरेला पडला नसता. पडला असता तरी पायाला लागेल म्हणून कुणी तो उपटून फेकला असता. पण या घरातली सगळी माणसं एकाच विद्यापीठातून, एकाच विभागातून जमिनीचा सर्व्हे शिकून बाहेर पडली होती, आणि तेही घरच्याच मास्तरांच्या, म्हणजे बाबांच्या हाताखाली. वर्तुळातला खिळा इथे वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा वाचला जाई. कुणीतरी जागा मोजली आहे आणि मोजणारा परत येणार आहे, एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं असे.

ताईने तो वाचला आणि तिचं पाऊल हवेतच राहिलं.

सकाळी विद्यापीठात जायच्या घाईत तो दिसला नव्हता. शाळेच्या मुलांची सहल घेऊन ती आठवडाभर बाहेर होती, परतली ती काल दिवेलागणीला. म्हणजे खिळा ठोकला गेला तो तिच्या पाठीमागे. आणि तिच्या पाठीमागे बाबांकडे चक्कर टाकून कोण गेलं होतं? दादा, वहिनी आणि दादाकडे उतरलेला धाकटा. तिघंही. आळीपाळीने.

कोपऱ्यावरचा औषधवाला सकाळी म्हणाला होता, "काय मॅडम, घर विकताय म्हणे? टोपी घातलेलं कुणीतरी दुर्बीण लावून मोजत होतं, आमची ही सांगत होती." तेव्हा ताई हसली होती.

"काय गं, दारातच उभी? किल्ली विसरलीस का?" मागून दादाचा आवाज आला. बाबांचा हात धरून तो चढण चढत होता. पाठोपाठ वहिनी आणि धाकटा.

ताईने पटकन खिळ्यावर पाय ठेवला. "नाही, चप्पल सरकली."

दादाने तिच्या पायाकडे पाहिलं आणि लगेच झाडाकडे पाहायला लागला. दादाला झाडांचं प्रेम कधीच नव्हतं.

*

त्या दिवशी विभागाने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. प्रत्येकाने नव्या मुलांसमोर उभं राहून सांगायचं, शिकून बाहेर पडल्यावर आपलं काय झालं. या घरातले चौघे बोलले आणि बाबा पहिल्या रांगेत बसून, आपण लावलेल्या रोपांना काय लागलंय ते बघावं तसे ऐकत राहिले. शेवटी त्यांनीही छोटंसं भाषण केलं. आता जेवणाच्या टेबलावर त्याचीच उजळणी चालली होती.

"बारक्या, त्या पोरांना तू बेधडक सांगितलंस, की आता मोजणीची पट्टी धरायला माणूस लागत नाही?" दादा म्हणाला. "बाबांचा चेहरा बघितलास का?"

"खरं तेच सांगितलं," धाकटा म्हणाला. "नोकरीला लागल्यापासून मी चिखलात पाय घातलेला नाही. आकाशातून फोटो येतात, मी खुर्चीत बसून नकाशा करतो."

"पोटावरून दिसतंच आहे ते."

"आणि तू रे? 'जुने बिंदू वेळेवर सोडून द्यायला शिका.' टाळ्या काय, अहाहा! पूल बांधता बांधता प्रवचनं कधी करायला लागलास?"

भात वाढता वाढता ताईचा हात थांबला. "कुठले जुने बिंदू, दादा?"

"अगं, पुलाचे. नवा रस्ता आला की जुन्या खुणा रद्द कराव्या लागतात. मास्तरीणबाई, प्रत्येक वाक्याखाली रेघ मारू नका."

"तू सरळ वाक्य बोलत असतास तर मारली नसती."

"झालं सुरू," वहिनी म्हणाली. "सर, तुम्हाला दही वाढू?"

वहिनी अजूनही सासऱ्यांना सरच म्हणे. ती ताईची वर्गमैत्रीण. होस्टेलच्या खोलीतली, सर्व्हेच्या कँपवर एकाच तंबूत झोपलेली. उंचीमुळे सगळे तिला बांबू म्हणत आणि पट्टी नेहमी तिच्याच हातात देत. दादा दोन वर्षं पुढे होता. उन्हातान्हात बहिणीला पाणी द्यायला म्हणून यायचा. पाणी बहिणीला, नजर बांबूकडे. त्या दोघींमध्ये तेव्हा पडदा नव्हता. लग्न झालं, बांबूची वहिनी झाली, आणि मानाच्या शब्दाबरोबर थोडं अंतरही आलं. आता वहिनी जमीन मोजणीच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होती. सकाळी ती मुलांना म्हणाली होती, "माझ्या टेबलासमोर भावंडं नकाशा मागायला येतात. भांडत आली तर मला काळजी नसते. गोड हसत आली, की समजायचं वाटणी ठरलेली आहे, फक्त एकाला माहीत नाही."

सभागृह हसलं होतं. ताईही हसली होती. आता तिला वाटायला लागलं, तो एक कोण हे वहिनीला ठाऊक असणार. आज सगळे किती गोड बोलताहेत!

तिची भीती काही पुस्तकी नव्हती. भावांना आपापली घरं होती. तिला हे एकच. संसार मोडल्यावर दोन ट्रंका घेऊन ती इथे आली, सर्व्हेची नोकरी सोडून शाळेत लागली, आणि पुढच्या खोलीत दुपारी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायला लागली. भिंतीला फळा, खाली सतरंजी. तेवढ्यावर तिचं उभं आयुष्य पुन्हा टेकलं होतं. घर गेलं तर ती कुठे जाणार, हा प्रश्न या घरात कुणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना माहीत होतं म्हणून.

"मला सकाळी एका मुलीने विचारलं," ताई मुद्दाम म्हणाली, "की तुम्ही हे क्षेत्र का सोडलंत? मी म्हटलं, सोडलं कुठे? आधी जमिनीचे चढउतार बघायचे, आता पोरांचे बघते."

"छान उत्तर," धाकटा म्हणाला.

"आणि म्हटलं, माझं बस्तान आता पक्कं आहे. मला कुणी हलवू शकत नाही."

दादाने पाण्याचा घोट घेतला. बाबांनी ग्लासात पाणी ओतायला जग उचलला आणि पाणी ग्लासाच्या शेजारी टेबलावर पडलं. वहिनीने घाईने पुसलं. बाबा म्हणाले, "टेबल हललं," आणि सगळ्यांनी मान डोलावली. टेबल हललं नव्हतं.

*

स्वयंपाकघरात ताई भांडी घासत होती आणि वहिनी पुसत होती.

"सर आज थकले का गं?" वहिनीने विचारलं. "भाषणात कँपची गोष्ट दोनदा सांगितली त्यांनी."

"म्हातारी माणसं सांगतात दोनदा. मी वर्गात दहादा सांगते."

"तसं नव्हे..."

"मग कसं? सरळ बोल ना. तुझ्या ऑफिसात येतात त्यांच्यासारखी गोड हसू नकोस."

वहिनीने हातातली ताटली खाली ठेवली. "मी सरळ बोलू? बरं. पाण्याच्या टाकीजवळ काय केलंयस तू?"

"काय केलंय?"

"खिळा ठोकलाय. लाल रंगाचं वर्तुळ आहे. मी रोज असल्या खुणा बघते, मला शिकवू नकोस. तुला तुझा हिस्सा आखून घ्यायचा होता तर मला सांगायचं. मी काय परकी आहे? कुणाकडून तरी चोरून मोजून घेतलंस, याचं वाईट वाटलं."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. हातातला चमचा तसाच, नळ वाहतोय.

"टाकीजवळ? माझा तर पायरीवर आहे."

"पायरीवर पण आहे?"

"म्हणजे तू नाहीस?"

"अगं, मी कशाला?" वहिनीने नळ बंद केला. "मी केलं असतं तर मोजणीवाले रीतसर आले असते, नोटीस लागली असती. असं चोरासारखं नाही."

क्षणभर दोघी पूर्वीसारख्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग दोघींच्या डोळ्यांत एकदमच तिसरं माणूस आलं.

"बारक्या," वहिनी हळूच म्हणाली. "परदेशी जायचं म्हणत होता मागे."

"आणि जेवताना माझ्या उत्तराला 'छान' म्हणाला. तो मला कधी छान म्हणालाय का?"

हात पुसून दोघी मागच्या दाराने बाहेर पडल्या. धाकटा घराच्या मागच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला होता आणि मोबाइलने जमिनीचा फोटो काढत होता. पायांची चाहूल लागताच उठला.

"काय चाललंय?" ताईने विचारलं.

"तेच मी विचारणार होतो." त्याने बोट खाली केलं. तिसरा खिळा. तिसरं लाल वर्तुळ. "तू आणि दादाने मिळून ठरवलंत ना? मी लांब असतो म्हणून मला सांगायचीही गरज नाही? पुरावा म्हणून फोटो काढून ठेवतोय."

"पुरावा? कुणाविरुद्ध?"

"ते तुम्हीच सांगा."

आवाज ऐकून दादा आला. खिळा बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, एवढं ताईने टिपलं.

"तुला माहीत होता हा," ती म्हणाली.

"गेटवरचा दिसला होता. गेल्या खेपेलाच. तू सहलीला जाण्याआधी ठोकून गेलीस असं वाटलं मला. म्हटलं, हिने तयारी केलीय, आपण तोंड उघडायचं नाही. हिला वाटणी हवी तर..."

"मला वाटणी कशाला हवी? मला घर आख्खं हवंय!"

"तेच तर म्हणतोय मी!"

असं झालं. चौघांचं शिक्षण एक. खूण चौघांना वाचता आली, आणि चौघांनी ती वाचून तोंड मिटून घेतलं. अडाणी माणसाने पहिल्याच मिनिटाला ओरडून विचारलं असतं, हा खिळा कुणाचा? यांना विचारायची गरज वाटली नाही, कारण उत्तर आपल्याला येतं असं प्रत्येकाला वाटत होतं.

"मग तू झाडाकडे का बघितलंस?" ताई अजून सोडायला तयार नव्हती. "आणि ते जुने बिंदू? तुझ्या मनात काही नसतं तर तू माझ्याकडे बघितलं असतंस."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने नजर चुकवली. तेवढ्याने ताईला कळलं.

"आहे," दादा म्हणाला. "मनात आहे. आम्ही दोघं बोललोय. बाबांना आमच्याकडे न्यायचं. सकाळी एकच गोष्ट दोनदा. दुपारी पाणी टेबलावर. तू दिवसभर शाळेत, मागे काही झालं तर? आणि ते आमच्याकडे आले की या घराला काय कुलूप लावून ठेवायचं?"

"मी आहे ना इथे. मी काय कुलूप आहे?"

"तसं नाही म्हणालो..."

"तसंच म्हणालास. आणि तू," ती वहिनीकडे वळली, "आत्ता दोन मिनिटांपूर्वी माझ्याबरोबर बारक्याला चोर ठरवत होतीस!"

"मला चोर?" धाकटा म्हणाला.

"नंतर रे!" दोघी एकदम ओरडल्या.

"खिळे माझे आहेत."

मागच्या दारात बाबा उभे होते. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात दुर्बिणीची जुनी तिपाई. वर्गात शिरताना उभे राहत तसे उभे होते. चौघेही आपोआप सरळ झाले.

"तुमचे?" दादा म्हणाला.

"ही सहलीला गेली, म्हटलं निवांत आठवडा आहे. गेटपासून टाकीपर्यंत, तिथून मागच्या कोपऱ्यात आणि परत. रोज एक फेरी. तुम्ही कुणी येणार असलात की सामान आत ठेवून द्यायचो."

सर्व्हेतली फेरी सोपी असते. एका खिळ्यापासून निघायचं, पुढच्या प्रत्येक खिळ्याची उंची मोजत वळसा घालायचा आणि पुन्हा पहिल्या खिळ्यावर यायचं. खिळा तोच, जमीन तीच. म्हणून निघतानाची उंची आणि परततानाची उंची जुळली पाहिजे. जो फरक उरतो, ती मोजणाऱ्याची चूक. बाबांनी हयातभर शिकवलं ते मुख्यतः एवढंच.

"पट्टी कोण धरायचं?" धाकट्याने विचारलं.

"कुंडीला बांधायचो. माणूस लागत नाही म्हणालास ना? कुंडी ओढून ओढून कंबर मोडली."

"पण कशासाठी, सर?" वहिनीने विचारलं.

बाबांनी तिपाई भिंतीला टेकवली. "फेरी जुळेना. एकदा इकडे, एकदा तिकडे. म्हटलं, तीनच गोष्टी असू शकतात. घर खचतंय, नाहीतर डोळा जातोय, नाहीतर डोकं. तिन्हींपैकी काय, ते तुम्हाला कळायच्या आत मला कळायला हवं होतं. एवढंच."

ताईच्या मनात एक चोरटा हिशेब झाला आणि तिची तिलाच लाज वाटली. डोकं जात असेल, तर घरही गेलं.

दादा घसा खाकरून म्हणाला, "मग आत्ता करू फेरी. सगळे आहोत. तुम्ही दुर्बिणीवर, मी पट्टी धरतो. जुळली तर तुम्ही इथेच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जुळली, तर माझं ऐकायचं."

"कबूल," बाबा म्हणाले. ताईला कुणी विचारलं नाही.

*

तिपाई धाकट्याच्या खांद्यावर आली. "आकाशातून फोटो मागव की," दादा म्हणाला, तेव्हा तो नुसता धापा टाकत हसला. बाबांनी आकडा सांगायचा, वहिनीने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि अंगणातल्या ओट्याच्या फरशीवर खडूने सगळ्यांदेखत लिहायचा, असं ठरलं. लपवाछपवीला जागाच नको.

ताईकडे काम नव्हतं. तिने स्वतःच एक घेतलं. दादावर नजर ठेवायची.

पट्टी म्हणजे आकडे रंगवलेली उंच लाकडी काठी. ती खिळ्यावर अगदी सरळ उभी धरायची असते. जरा कलली तरी आकडा वाढतो. पट्टी धरणाऱ्याच्या मनात आलं तर तो चांगल्या सर्व्हेवाल्याला मूर्ख ठरवू शकतो. आणि दादाच्या मनात काय आहे ते त्याने नुकतंच सांगितलं होतं. ताई पट्टीच्या वरच्या टोकावरून नजर हलवीना. टोकामागे शेजारच्या घराचा उभा कोपरा होता, त्याच्याशी ती पट्टी ताडून बघत होती. गेटवर सरळ. टाकीपाशी सरळ. टाकीचा आकडा सांगायला बाबांना फार वेळ लागला. डोळा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा सांगितला. वहिनीने परत म्हटला आणि लिहिला. पट्टीपाशी उभ्या असलेल्या दादाचा चेहरा बदलला.

'का बदलला?' ताईने मनात नोंद केली. 'आनंद झाला असेल.'

मागच्या कोपऱ्यातही पट्टी सरळ होती. परतताना दादा ओट्यावरून गेला, खडूच्या आकड्यांवर ओझरती नजर टाकली आणि शेवटच्या खेपेला गेटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. आता काही करायचं असेल तर इथेच. ताई श्वास रोखून टोकाकडे बघत राहिली. टोक केसभरही हललं नाही.

बाबांनी आकडा सांगितला. वहिनीने लिहिला, रेघ मारली, बेरजा केल्या, वजाबाकी केली. मग खडू खाली ठेवला.

"शून्य," ती म्हणाली. "सर, फेरी जुळली! चूक शून्य!"

धाकट्याने शिट्टी मारली. ताई ओट्यावर बसली. घर वाचलं. दादा गेटवरून येत होता, त्याचाही चेहरा हसरा होता. तिला वाटलं, आपण सख्ख्या भावावर काय काय संशय घेतला!

बाबा हसत नव्हते.

"शून्य?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही? एक मिलिमीटरसुद्धा?"

"काहीच नाही, सर."

"जन्मभर फेऱ्या केल्या मी. तरुण डोळ्यांनी, नव्या दुर्बिणीने, वारा नसताना. माझी फेरी शून्यावर कधी आली नाही. आणि आज आली?" ते दादाकडे वळले. "पाय दाखव."

"काय?"

"बूट. उजवा. वर कर."

दादा लहान मुलासारखा एका पायावर उभा राहिला. बुटाच्या टोकावर, धुळीत, पट्टीच्या लोखंडी बुडाचा चौकोनी ठसा उमटला होता. पट्टी खिळ्यावर नव्हती, बुटावर होती. उचललेली पट्टी आकडा कमी करते. ताई सगळा वेळ वरचं टोक बघत राहिली होती.

"टाकीपाशी पट्टीवरची दोन घरं जास्त वाचलीत तुम्ही, बाबा," दादा पाय खाली न ठेवता म्हणाला. "मी पट्टीला खेटून उभा होतो, खरा आकडा कुठे असणार ते मला कळत होतं. पुढे बेरीज कशी येणार ते फरशीवर दिसत होतं. बायकोच्या तोंडून 'नाही जुळली' असं ऐकायचं... मीच अट घातली होती, आणि मलाच ऐकवेना. मला वाटलं, दोन-चार मिलिमीटर तरी उरतील. नेमकं शून्य आलं."

"चोरी करायची तर थोडी चूक ठेवून करावी," बाबा म्हणाले, "एवढं शिकवायचं राहिलं माझं."

पहिल्यांदा वहिनी हसली. मग धाकटा. दादाला हसावं की नाही ते कळेना. ताई उठून त्याच्याजवळ गेली. त्याचा तोल जात होता म्हणून तिने त्याचा दंड धरला.

"पण बाबा, खरं तर फेरी जुळली नाही," दादा म्हणाला. "अट तशीच राहते."

"जुळली नाही. पण कुणामुळे, ते कळलं. मला चोरी पकडता आली ना? मग डोकं जागेवर आहे. गेलाय तो डोळा." ते तिपाईपासून मागे सरले आणि डोक्यावरची टोपी ताईच्या डोक्यावर ठेवली. "तू बघ. मी पट्टी धरतो. पट्टीला डोळा लागत नाही, सरळ उभं राहता आलं की पुरे."

"मी? मला सवय कुठे राहिलीय?"

"दिवसभर पोरांच्या चुका बघतेस. आणखी काय सवय हवी? मोठ्या, माझा डोळा गेला तरी घरात दुसरा आहे. म्हणून मी इथे, आणि ही इथे. डोळ्यांचा डॉक्टर तेवढा तू शोध. चांगला शोध, बुटावर उभा करू नकोस."

दादाने मान खाली घातली. "शोधतो."

ताईने दुर्बिणीला डोळा लावला. जुन्या बनावटीची ती दुर्बीण, तिच्यात सगळं उलटं दिसे. गेटची पायरी वर, आभाळ खाली, आणि बाबा डोक्यावर उभे, दोन्ही हातांत पट्टी घट्ट धरलेली. पट्टी जराही थरथरत नव्हती. तिने आकडा वाचला. तिला तो पटला नाही. पुन्हा वाचला. तोच आला. मोठ्याने सांगितला. वहिनीने परत म्हटला. टाकीकडे जाताना बाबा चालले ते हळू, पण खिळा त्यांना कुणी दाखवावा लागला नाही. मागचा कोपरा. परत गेट. या वेळी सगळ्यांचे डोळे पट्टीच्या बुडाकडे होते आणि बाबांना ते माहीत होतं. मुद्दाम त्यांनी दोन्ही पाय लांब ठेवले होते.

बेरीज दादाने केली. केली, पुसली, पुन्हा केली.

"किती?" बाबांनी गेटवरून विचारलं.

"तीन मिलिमीटर."

"म्हणजे घर खचलेलं नाही. हे तीन कुणाचे?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने धाकट्याकडे. ताईने दुर्बिणीवरून डोळा काढला.

"माझे," ती म्हणाली.

बाबांनी पट्टी खांद्याला टेकवली. "हं," ते म्हणाले. "आता विश्वास बसतो."